गच्चीवरचा ४० मीटर: खरखरीच्या शोधाच्या नोंदी

१६ मार्च

रात्री पावणेनऊ. हॅम रेडिओ (परवान्यावर चालणारा हौशी रेडिओ), ४० मीटरचा बँड, ७.०९० मेगाहर्ट्झ, एलएसबी (बोलण्यासाठीचा एक मोड). नुसत्या खरखरीनेच एस-मीटर, म्हणजे येणाऱ्या सिग्नलची ताकद दाखवणारा काटा, ९ वर खिळलेला, तिथून हलायला तयार नाही. पुण्याचं ओळखीचं स्टेशन बोलतंय एवढं कळतं, काय बोलतंय ते नाही. त्यांना मात्र मी स्वच्छ ऐकू येतो. रिपोर्ट ५-९ (स्पष्ट आणि जोरकस) मिळाला. म्हणजे आवाज जातोय नीट, बहिरेपण इकडे आहे.

नोंदीपुरता सेटअप: जुना शंभर वॉटचा जपानी सेट, १३.८ व्होल्टचा एसएमपीएस (स्विचिंगवर चालणारा पॉवर सप्लाय), गच्चीवर वीस फुटी जीआय पाइप आणि त्यावर ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्ही (मध्य उचललेला, दोन पाय उतरते असा तारेचा डायपोल अँटेना). सेटसोबत जुन्या मालकाकडून आलेली आरजी-५८ केबल (आत तार, भोवती जाळीची शील्ड), साधारण २५ मीटर. जागा सोलापूरच्या अशोक चौकाच्या मागची बोळ, तीन बाजूंनी यंत्रमागांचे कारखाने. ग्रिड एमके७७ (हॅम नकाशावरचा जागेचा चौकोन).

हॅम ग्रुपवरचा पहिला सल्ला नेहमीचाच: सेट बदल, डीएसपीवाला (आवाज डिजिटल पद्धतीने गाळणारा) घे. मला पटत नाही. एस-मीटरचा एक आकडा म्हणजे ६ डीबी (डेसिबल). समोरचा एस-७ वर येत असेल आणि खरखर एस-९ वर असेल, तर तो १२ डीबी खाली गाडला गेलाय. लाख रुपयांच्या सेटलाही अँटेनातून तेच मिळणार जे माझ्या सेटला मिळतंय.

१७ मार्च

अँटेनाचा कनेक्टर काढला. मीटर शून्यावर, स्पीकरमध्ये फक्त सेटची स्वतःची हलकी सुस्कार. परत लावला, एस-९. सेट निर्दोष. जे काही येतंय ते केबल आणि तारेवाटे येतंय. ते कुठून, याचा पत्ता लागेपर्यंत गच्चीवर काहीही बदलायचं नाही, असं ठरवलं. एकाच वेळी चार गोष्टी बदलल्या की कशाने फरक पडला ते कधीच कळत नाही.

२२ मार्च

घरातला इन्व्हर्टर बंद केला, त्याची १५० एएच ट्युब्युलर बॅटरी सुटी करून सेटला जोडली आणि घराचा मेन स्विच पाडला. बायकोला आधी सांगितलं होतं, तरी फ्रिजच्या नावाने बोलणी खावी लागली.

मेन पाडताच एस-९ वरून एस-७. दोन आकडे, म्हणजे १२ डीबी, माझ्याच घरातून येत होते. मग एकेक एमसीबी वर करत गेलो. पंख्याने काही नाही, फ्रिजने काही नाही. हॉलची एमसीबी वर केली आणि सुई उठली. हॉलमधले प्लग एकेक काढल्यावर दोन आरोपी सापडले. एक वाय-फाय राउटरचा काळा अडॅप्टर (मूळचा जळाल्यावर कोणीतरी आणून दिलेला), दुसरा सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा पॉवर सप्लाय. दोघांचीही खूण सारखी: डायल फिरवत गेलं की दर साठ-सत्तर किलोहर्ट्झला एक जाडसर गुरगुर येते आणि ती एका जागी न थांबता हळूहळू सरकते. एसएमपीएसची स्विचिंग फ्रिक्वेन्सी लोडप्रमाणे आणि तापल्यावर सरकते, तिच्याबरोबर हार्मोनिक्सही (तिच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी) सरकतात. सात मेगाहर्ट्झ म्हणजे शंभरावं-एकशेदहावं हार्मोनिक, तरी कान फाटतील एवढं.

आतला भाग उघडून पाहिला. पीसीबीवर इनपुट फिल्टरची जागा छापलेली आहे, कॉइलच्या जागी मात्र सरळ दोन जंपर. काय बोलणार.

राउटरला जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मरचा अडॅप्टर लावला (१२ व्होल्ट, आत ७८१२ रेग्युलेटर टाकून). डीव्हीआरच्या वायरीला फेराइट (चुंबकी सिरॅमिक) रिंगमधून सात-आठ वेढे.

२३ मार्च

जिन्यातले बल्ब तपासले. गंमत अशी की सगळ्यात स्वस्त, कॅपॅसिटर-ड्रॉपरवाला एलईडी बल्ब डोळ्यांना सेकंदाला शंभर वेळा लुकलुकून छळतो, पण रेडिओला जवळजवळ नाही. कारण त्यात स्विचिंगच नाही. बरा, महागातला, ‘फ्लिकर-फ्री’ लिहिलेला बल्बच ओरडतो. दुकानात हे कुणी सांगत नाही आणि विचारलं तर वेड्यात काढतात.

२९ मार्च

आज केबल. सर आले होते. आमच्याकडचे जुने हॅम; किल्लारीच्या वेळेपासून एक बॅटरी कायम भरून ठेवणाऱ्या पिढीतले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर तिकडचे निरोप हॅम मंडळींनी वाहिले होते, त्यामुळे ‘लाईट नसताना चालत नसेल तर तो रेडिओ नव्हे’ हे त्यांचं एक ठरलेलं वाक्य. त्यांच्याकडे हैदराबादच्या अशहर फरहान (हॅम ओळखचिन्ह व्हीयू२ईएसई) यांच्या बिटएक्स डिझाइनवर हाताने बनवलेला छोटा सेट आहे. सात वॉट, लाकडी डबा, पंखा नाही, डिस्प्ले नाही, त्यामुळे स्वतःचा काडीचा नॉइज नाही. खरखर ऐकायला तोच चांगला.

सर म्हणाले, “तुझा एसडब्ल्यूआर किती दाखवतो?”

“१.३. आख्ख्या बँडवर.”

“आख्ख्या बँडवर? मग केबल कुजली.”

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडून किती पॉवर परत येते त्याचं माप, १ च्या जितकं जवळ तितकं चांगलं; मला तर १.३ चं कौतुक होतं. पण बरोबर आहे. चाळीस मीटरचा साधा डायपोल ७.००० ते ७.२०० मध्ये एवढा सपाट राहत नाही. सपाट दिसतोय म्हणजे केबल जाताना पॉवर खातेय, परतताना पुन्हा खातेय. परत येणारं उरतच नाही, म्हणून मीटर खुश.

नॅनोव्हीएनएवर (अँटेना आणि केबल तपासायचं छोटं यंत्र) खात्री केली. केबलचं गच्चीवरचं टोक मोकळं सोडलं आणि खालून रिटर्न लॉस (परत येणाऱ्या सिग्नलमधली घट) पाहिला. मोकळ्या टोकावरून सगळं परत यायला हवं, त्यामुळे जे कमी येतं ते जाता-येता केबलने खाल्लेलं. निम्मं केलं की एका बाजूचा लॉस. चांगल्या आरजी-५८ ला सात मेगाहर्ट्झवर २५ मीटरमागे जेमतेम १ डीबी, म्हणजे रिटर्न लॉस २ च्या आसपास हवा. इथे साडेसहा. एका बाजूला ३ डीबीच्या वर. शंभर वॉट सोडले की वर पन्नासही पोचत नव्हते.

वरच्या कनेक्टरपासून वीतभर मागे आवरण चिरलं. जाळी तांबूस लखलखीत असायला हवी. ही काळपट, हाताला भुरभुरीत, आणि त्यावर हिरवट पूड. अजून हातभर मागे चिरलं, तिथेही काळीच. पीएल-२५९ कनेक्टरवर नुसती काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली होती. सोलापूरच्या उन्हात त्या टेपचा डिंक एका उन्हाळ्यात वितळून ओघळतो, मग पावसात पाणी थेट जाळीत. जाळी वातीसारखं पाणी पुढे ओढून घेते, त्यामुळे टोक छाटून भागत नाही. आख्खी केबल भंगारात.

पोकळ झालेल्या जाळीचा दुसरा तोटा जास्त मोठा. शील्ड धड नसली की केबल स्वतःच अँटेना बनते आणि घराच्या भिंतीतून जाताना घरातली सगळी घाण गोळा करत सेटपर्यंत आणते.

५ एप्रिल

नवी आरजी-२१३ केबल आणली. जाड आहे, खिडकीच्या भोकातून घालताना दम निघाला. पीएल-२५९ ची जाळी नीट सोल्डर करायला माझं ६० वॉटचं सोल्डरिंग आयर्न कमी पडतं. कनेक्टरचं धड सगळी उष्णता पिऊन टाकतं. शेजारच्या रेडिएटर दुरुस्तीवाल्याकडचं १०० वॉटचं जाड टोकाचं आयर्न आणलं, एका दमात काम झालं. जोडावर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप ताणून आणि तिच्यावर काळी टेप, खालून वर गुंडाळत, म्हणजे पाणी थरांवरून ओघळेल, आत शिरणार नाही. खिडकीत शिरण्याआधी केबलला खाली झोळ दिला, थेंब तिथूनच गळावा म्हणून.

तारही नवी: घरगुती वायरिंगची दीड एमएमची. लांबीचं सूत्र १४३ भागिले मेगाहर्ट्झ, ७.१ ला २०.१४ मीटर, म्हणजे एक बाजू दहा मीटर सात सेंटिमीटर. मुद्दाम जास्त, १०.४० ठेवली. पीव्हीसी आवरण असलेली तार आणि व्ही आकार, दोन्हींमुळे रेझोनन्स (तार जिथे जुळते ती फ्रिक्वेन्सी) खाली सरकतो, तो सूत्रात धरलेला नसतो.

व्हीएनए आधी गच्चीवरच, केबलच्या टोकाला ओपन-शॉर्ट-लोड करून कॅलिब्रेट केला. डिप (एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी होतो ती जागा) ६.८५ वर. १०.४० गुणिले ६.८५ भागिले ७.१०, उत्तर १०.०३. तार कापली नाही. ३७ सेंटिमीटर मागे वळवून स्वतःवरच पिळून घेतली. परत हवी झाली तर सोडता येते. डिप ७.०९, एसडब्ल्यूआर १.२, आणि ७.००० व ७.२०० या टोकांना चढलेला. आता अँटेना अँटेनासारखा वागतोय.

उंची वाढवायचा विचार सोडला. पुणे अडीचशे किलोमीटर, हैदराबाद तीनशे. एवढ्या अंतरासाठी सिग्नल जवळजवळ सरळ वर जाऊन खाली यायला हवा आणि त्याला सहा-सात मीटरवरचा व्ही उत्तम. शिवाय सकाळी दहानंतर त्या पाइपला हात लावला तर फोड येतो, त्यामुळे गच्चीवरचं काम सहा ते साडेआठ एवढंच.

खरखर, रात्री, घर साफ केल्यावर: एस-७. केबल बदलूनही हललेली नाही. पण आता पुण्याचा आवाज तिच्यावर येतोय.

१३ एप्रिल

चोक. डायपोलच्या मध्यावर केबलची शील्ड एका पायाला जोडलेली असते, त्यामुळे शील्डची बाहेरची बाजू हाही तिसरा पाय ठरतो. तिथेच केबलला फेराइटवर वेढे दिले की बाहेरून वाहणाऱ्या करंटला अडथळा, आतल्या सिग्नलला काही नाही.

एफटी२४०-३१ फेराइट रिंग मागवली होती, ती येईपर्यंत डब्यातल्या भंगार रिंगा तपासून पाहिल्या. कॉम्प्युटरच्या सप्लायमधून निघणारी पिवळी-पांढरी रिंग बरेच जण चोकसाठी वापरतात. ती फेराइट नसून लोखंडी पावडर आहे, मिक्स २६ (मिक्स म्हणजे मिश्रणाचा नंबर). बारा वेढे घालून व्हीएनएच्या दोन पोर्टमध्ये अडकवली: सात मेगाहर्ट्झवर १५ डीबी अडवते, म्हणजे पाच-सहाशे ओहम, आणि तेही बहुतांशी इंडक्टिव्ह. केबलची लांबी कॅपॅसिटिव्ह पडली तर दोघं एकमेकांना खोडून टाकतात आणि चोक असून नसल्यासारखा. एकतीस मिक्सची रिंग आल्यावर तिच्यावर आरजी-३१६ या बारीक केबलचे बारा वेढे: ३० डीबी, म्हणजे तीन हजार ओहमच्या आसपास, आणि त्यात रेझिस्टिव्ह भाग मोठा. तोच हवा.

प्लास्टिकच्या जंक्शन बॉक्समध्ये बसवून मास्टच्या टोकाला चढवला. दुसरा तसाच खिडकीपाशी.

रात्री अकराला एस-५. कधी कधी एस-४. पण दिवसा, आणि संध्याकाळी नऊपर्यंत, एस-८. रात्री उशिरा जे थांबतं ते दिवसा चालू असतं, एवढाच अर्थ. या भागात दिवसा काय चालू असतं हे सांगायला यंत्र लागत नाही. खटखट खिडकीतून येतच असते.

२० एप्रिल

दुपारी सव्वातीनला लाईट गेली. पूर्ण भागाची. खटखट थांबली, बोळीत माणसं बाहेर आली, मी धावत वर.

सेट बॅटरीवर. एस-२! ४० मीटर असा ऐकलाच नव्हता. डी थरामुळे (दिवसा लहरी शोषणारा वातावरणातला वरचा थर) दुपारी हा बँड दबलेला असतो, तरी हैदराबादकडचे दोघं एकमेकांशी तेलुगूत बोलताना शब्द न् शब्द कळत होता, आणि तळाशी दूरच्या विजेचा अधूनमधून कडकडाट. बस्स.

मग वही घेऊन बसलो, कारण लाईट जाण्यापेक्षा येण्यात जास्त माहिती असते. सगळं एकदम चालू होत नाही. चार वाजता आली, घरं चालू झाली, एस-४. पाच-सात मिनिटांत माग सुरू व्हायला लागले, एकाचा आवाज, मग चार, मग सगळे. मीटर एस-४ वरच. सगळा कारखाना धडधडतोय आणि मीटर ढिम्म! पटलं नाही म्हणून केबल हलवून पाहिली. एस-४ च.

चार वाजून वीस मिनिटांनी, एका क्षणात, एस-८. कुणीतरी काहीतरी सुरू केलं, आणि ते माग नव्हते.

विचार केल्यावर साधंच आहे. साध्या यंत्रमागाला एक हॉर्सपॉवरची थ्री-फेज इंडक्शन मोटर असते, थेट लाइनवर. तिच्यात ब्रश नाहीत, ठिणगी नाही, स्विचिंग नाही. कानाला जेवढी गोंगाटी, रेडिओला तेवढीच गरीब. वर्षभर मी आणि माझ्यासारखे इतरही मागांना शिव्या देत आलो.

२६ एप्रिल

लॅपटॉपवर एसडीआर डोंगल (यूएसबीवरचा छोटा रिसीव्हर) लावून वॉटरफॉल (फ्रिक्वेन्सींचं सरकतं चित्र) पाहिला. एस-८ असताना ६ ते ८ मेगाहर्ट्झ सगळीकडे मागाच्या फणीसारख्या दाट उभ्या रेघा, काही काही किलोहर्ट्झच्या अंतराने. अडॅप्टरच्या रेघा विरळ असतात. एवढ्या दाट रेघा म्हणजे मोटर ड्राइव्ह, व्हीएफडी. तो आधी एसीचं डीसी करतो आणि ते आयजीबीटीने (वेगवान इलेक्ट्रॉनिक स्विच) सेकंदाला हजारो वेळा तोडून मोटरला देतो. प्रत्येक तोडीची कड इतकी उभी असते की तिचे अवशेष कितीतरी मेगाहर्ट्झपर्यंत जातात. आणखी एक पुरावा: मधूनच दहा सेकंद बंद, मग पुन्हा चालू होताना आवाज खालून वर चढत जातो. मोटर हळूहळू वेग घेतेय.

खिशातला ट्रान्झिस्टर घेऊन बोळीत फिरलो, मीडियम वेव्हच्या वरच्या टोकाला रिकामी जागा बघून. नुसत्या आवाजाच्या मोठेपणावर जाऊन फसायला होतं. विजेच्या तारा खरखर दूरवर वाहून नेतात आणि प्रत्येक खांबाखाली वाटतं की हाच. त्यापेक्षा आतल्या फेराइट रॉडचा उपयोग करावा. रॉडचं टोक उगमाकडे झालं की आवाज बसतो. रेडिओ फिरवत जिथे सगळ्यात शांत होतो ती दिशा धरायची, दोन-तीन ठिकाणांहून. रेघा जिथे छेदल्या ते आमच्या मागच्या बाजूचं टॉवेलचं शेड. अण्णांचं.

२७ एप्रिल

अण्णांकडे गेलो. दारातच म्हणाले, “काय ओ इंजिनिअर, ती गच्चीवरची दोरी कपडे वाळवायला हाय का?”

लायसन्स मोबाइलवर दाखवलं, केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचं आहे, परीक्षा देऊन मिळतं, हे सांगितलं. तक्रार करायला आलो नाही, एक गोष्ट शोधतोय, असंही. चहा आला. मग ट्रान्झिस्टर चालू करून शेडमध्ये हिंडलो. मागांजवळ काही नाही. कांडी मशीनजवळ काही नाही. कोपऱ्यात ताण्याचं मशीन (मागासाठी उभे धागे बीमवर गुंडाळणारं), नव्याने बसवलेलं, भिंतीवर ड्राइव्हचा डबा. चार पावलांवरच रेडिओ किंचाळायला लागला. कामगार हसायला लागले.

डबा भिंतीवर, मोटर पंधरा फुटांवर. मधे तीन सुट्या वायरी, पीव्हीसी पट्टीतून, आणि त्याच पट्टीतून ताण्याची लांबी मोजणाऱ्या काउंटरच्या सेन्सरची बारीक वायर. मोटरच्या अंगाची अर्थ वायर ड्राइव्हकडे न येता भलत्याच बाजूला भिंतीतल्या खिळ्यापर्यंत गेलेली.

सेन्सरची वायर बघून विचारलं, “अण्णा, काउंटर कधी चुकतो का?”

अण्णांनी कप खाली ठेवला. “चुकतो म्हंजे? बीमवर लांबी कमी भरते, काउंटर जास्त दाखवतो. ह्या पोराला किती बोललो मी.”

पोरगं मशीनजवळच उभं होतं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्या एका नजरेसाठीसुद्धा हे काम करायला हवं. ड्राइव्हच्या वायरीतून उडणारे स्पाइक शेजारच्या वायरीत उतरतात आणि काउंटर त्यांना सेन्सरचा पल्स समजून मोजतो. रेडिओत जी खरखर तीच काउंटरमध्ये जादा मीटर. अण्णा लगेच तयार झाले. शेजाऱ्याच्या छंदासाठी नाही, ताण्यासाठी. मला तेही चालतं.

४ मे

शेड बंद असताना काम. हात अण्णांच्या वायरमनचे, मी फक्त बाजूला. मेन पाडल्यावरही ड्राइव्हच्या कॅपॅसिटरमध्ये पाचशे-सहाशे व्होल्ट डीसी काही मिनिटं राहतं. पंधरा मिनिटं थांबून, मीटरने बघून, मगच झाकण.

जे केलं ते: मोटरकडे चार कोअरची शील्डेड केबल, शील्ड दोन्ही टोकांना धातूच्या क्लॅम्पने पूर्ण गोल पकडलेली (शेपूट काढून स्क्रूला बांधली तर उच्च फ्रिक्वेन्सीला उपयोग नाही). मोटरची अर्थ थेट ड्राइव्हच्या अर्थ टर्मिनलवर. सेन्सरची वायर वेगळ्या वाटेने, आणि जिथे ओलांडते तिथे काटकोनात. तीनही फेज एकत्र एका मोठ्या रिंगमधून चार वेढे. इनपुटला ईएमआय (खरखर अडवणारा) फिल्टर. त्याच्याखालचा पत्र्याचा रंग वायरमनने खरवडला नव्हता, तो खरवडून घेतला, कारण रंगावर बसवलेला फिल्टर हवेत लटकल्यासारखाच. आणि ड्राइव्हच्या सेटिंगमध्ये कॅरिअर (तोडण्याची फ्रिक्वेन्सी) १० किलोहर्ट्झवरून ४ वर. त्याने मोटर बारीक शिट्टी वाजवायला लागली. अण्णा म्हणाले, “एवढ्या मागांत कुणाला ऐकू येणार?”

रिंगा माझ्या, केबल आणि फिल्टर अण्णांचे.

अर्थचा खड्डाही पाहिला. मीठ-कोळसा भरलेला, पण मे महिन्यात कोरडा ठणठणीत. दोन बादल्या पाणी ओतलं. हे दर आठवड्याला कुणीतरी करायला हवं, आणि कुणी करणार नाही.

ताणा चालू असताना वर जाऊन मीटर बघितला: एस-५. रेघा आहेत, पण वाचण्याइतक्या बारीक. तीन आकडे गेले.

११ मे

नॉइजचा विषय नाही, पण नोंद हवी. हैदराबादच्या स्टेशनने सांगितलं, तुझा आवाज मोठ्याने बोलताना चिरकतो. सेटच्या मागे मीटर लावला: गप्प असताना १३.७, बोलताना १२.४. सप्लायपासून सेटपर्यंत चार मीटर अडीच एमएमची वायर, जाऊन-येऊन आठ मीटर, सुमारे ६० मिलिओहम. वीस अ‍ॅम्पिअरला सव्वा व्होल्ट तिथेच गळतो. सहा एमएमची वायर टाकली, घट अर्ध्या व्होल्टवर आली. फ्यूज होल्डरचे पाय काळे पडले होते, तेही बदलले. आवाज सरळ झाला.

एफटी८ (लॅपटॉपमधून चालणारा डिजिटल मोड) करताना लॅपटॉपचा टचपॅड गोठतो, ते यूएसबी केबलला दोन्ही टोकांना फेराइट घातल्यावर थांबलं. ७.०७४ वर वीस वॉटवर पीएसके रिपोर्टरमध्ये (कुणाचा सिग्नल कुठे पोचला ते दाखवणारी वेबसाइट) युरोपातली स्टेशनं दिसली. केबल कुजकी असताना हेच दिसायला नशीब लागायचं.

१७ मे

पारा बेचाळीस. संध्याकाळपासून नवीनच बुजबुज. जाड, खर्जातली, शंभर हर्ट्झची, आणि वॉटरफॉलवर रेघा नाहीत, सगळीकडे सारखीच. ताणा बंद आहे, अण्णांना विचारलं. ती येते-जाते, वारा सुटला की वाढते.

सर फोनवर ऐकून म्हणाले, “वळीव येऊ दे, मग बोलू.”

२१ मे

वळीव आला, धो धो. केबल आधीच सेटमधून काढून खिडकीबाहेर टाकली होती. विजा चमकत असताना अर्थ, अरेस्टर कशावरही विसंबून केबल लावलेली ठेवत नाही. वादळ सरल्यावर तासाभराने जोडली. बुजबुज गायब.

हेच सरांना अपेक्षित होतं. एसएमपीएसला पावसाचं काही नसतं. पावसाने थांबतं ते विजेच्या खांबावरचं स्पार्किंग: सैल झालेलं बाइंडिंग, दोन धातूंच्या मधली बारीक फट, कोरड्या हवेत प्रत्येक अर्ध्या सायकलला एक ठिणगी, पन्नास हर्ट्झच्या दुप्पट शंभर. ओल आली की फट बुजते आणि ठिणगी थांबते. दोन दिवसांनी ऊन पडल्यावर पुन्हा चालू.

खांब शोधताना मीडियम वेव्ह चालत नाही, तिथे सगळी लाइनच गाते. फ्रिक्वेन्सी जितकी वर, तितकी ठिणगी फक्त जवळूनच ऐकू येते. सरांकडचा एअर-बँडचा (विमानांच्या संभाषणाचा) एएम रिसीव्हर, १२० मेगाहर्ट्झच्या आसपास, छोटा हाताचा यागी (एका दिशेचं ऐकणारा अँटेना). बोळीच्या तोंडाचा दुसरा खांब. खांबाला हात लावणं, काठी मारून बघणं असले प्रकार काही जण करतात. आम्ही खांबाचा नंबर लिहून घेतला आणि लाइनमनला दाखवला. वर चढून त्याने एक बाइंडिंग बदललं. खाली येऊन म्हणाला, “साहेब, हे तुम्हाला खालून कसं कळलं?” सरांनी त्याला रिसीव्हर ऐकवला, पुढच्या खांबाजवळ नेऊन तिथलाही ऐकवला. तो खांब शांत होता.

१ जून

मोजणी, पंख्यापासून ताण्यापर्यंत सगळं चालू असताना, दुपारी चार: एस-४ ते ५. रात्री अकरा: एस-३. वीज गेल्यावरच्या एस-२ पर्यंत जाणार नाही हे आता दिसतंय. शंभर घरांचे चार्जर मी बदलू शकत नाही.

ताण्याच्या पोराने बोळीत थांबवून सांगितलं की काउंटर आता बीमशी जुळतो. अण्णांच्या भावाच्या शेडमध्येही तसाच ड्राइव्ह आहे, तिथे कधी येता म्हणून विचारत होता. ते शेड माझ्यापासून लांब आहे, तिथल्या ड्राइव्हने मला काही फरक पडत नाही, तरी पुढच्या रविवारी जाणार आहे.

८ जून

७.१५० च्या आसपास एक गुरगुर शिल्लक आहे. फक्त उन्हात असते, ढग आला की खाली सरकते, संध्याकाळी साडेसहाला गायब. पूर्वेकडच्या तिसऱ्या गच्चीवर नवी सोलर पॅनेलं बसलीत. पॅनेलपासून इन्व्हर्टरपर्यंतच्या डीसी वायरी दोन वेगळ्या वाटांनी आणल्यात, मधे चांगली पंधरा फुटांची पोकळी, म्हणजे लूप अँटेनाच. त्या घरच्यांशी अजून ओळख नाही. अण्णांची आहे म्हणतात, त्यांना बरोबर घेऊन जायचं. दोन एकतीस मिक्सच्या रिंगा आणि टाय बाजूला काढून ठेवल्यात.